जड गाडी, सैल हात

२०० किलोंची मोटारसायकल उभ्या उभ्या दहा अंशांनी कलली, तर तिला हँडलपाशी थोपवून धरायला साधारण १७ किलोंचा जोर लागतो. वीस अंशांना तोच जोर ३४ किलोंवर जातो आणि तिसाला ५० किलोंवर. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि हँडल ११० सेंटिमीटरवर धरून केलेला हा ढोबळ हिशेब आहे. टाकी काठोकाठ भरलेली आणि मागे सामानाच्या पेट्या लटकलेल्या असतील, तर आकडे आणखी चढतात. एक पाय टेकलेला, बुटाखाली मुरूम सरकतोय आणि त्यात ५० किलो रोखून धरायचे, हे कुणाच्याच आवाक्यातलं नाही. कच्च्या रस्त्यावर मोठी अ‍ॅडव्हेंचर बाइक आडवी झाली की नव्या रायडरला वाटतं, आपली ताकद कमी पडली. ताकद धिप्पाड माणसाचीही पुरत नाही. शिकायचं असतं ते गाडीला त्या कोनापर्यंत जाऊच न देणं.

या वर्गातल्या गाड्यांची वजनं आधी नजरेखालून घालू. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली ४११ सीसीची आली आणि २०२३ च्या अखेरीस तिची ४५२ सीसीची आवृत्ती निघाली. तिची ताकद ४० पीएस आणि इंधनासह वजन १९६ किलो. बीएमडब्ल्यूची आर १३०० जीएस २३७ किलोंची आहे. पुण्याजवळ चाकणला बनणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर त्या मानाने हलकी, पण तीही मातीतल्या शर्यतीची गाडी नव्हे. हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडे बरेच जण ऑफ-रोडिंग शिकतात ते डकार रॅलीचे व्हिडिओ पाहून. सी. एस. संतोष २०१५ साली डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हापासून ही आवड वाढली आणि ते चांगलंच झालं. पण तिथल्या गाड्या ४५० सीसीच्या मर्यादेत, खास त्या कामासाठी बांधलेल्या असतात आणि त्यांच्यावरची माणसं आयुष्यभर तेच करत आलेली असतात. त्यांचा वेग उचलू नये. त्यांची उभं राहण्याची ढब मात्र जरूर उचलावी.

त्या ढबीमागचं कारण पुढच्या चाकात आहे. मोटारसायकल थोडी चालती झाली की स्वतःला सावरू लागते. गाडी डावीकडे कलली तर पुढचं चाक आपसूक किंचित डावीकडे वळतं, गाडी पुन्हा स्वतःखाली येते आणि सरळ होते. हे सतत, बारीक बारीक चाललेलं असतं. डांबरावर ते जाणवतही नाही. खडीवर मात्र प्रत्येक दगड चाकाला एक धक्का देतो आणि चाक त्याला उत्तर देऊ पाहतं. नेमक्या त्याच वेळी घाबरलेला रायडर हँडल आवळून धरतो. झालं, गाडीची स्वतःला सावरण्याची सोय बंद पडली. आता प्रत्येक धक्का हातांतून खांद्यांत जातो, खांद्यांतून धड हलतं आणि धडाचं वजन उलट हँडलवर येऊन गाडी आणखी भरकटते. पुढचं चाक हातभर इकडेतिकडे नाचत असलं तरी मागचं चाक ढकलत आहे तोवर गाडी सरळच जाते. खाली बसलेल्या माणसाला यावर विश्वास ठेवणं जड जातं, म्हणून उभं राहायचं.

उभं राहिल्याने गुरुत्वमध्य खाली येतो असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. माणूस उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य वरच जातो. फायदा वेगळा आहे. बसलेला माणूस गाडीला जखडलेला असतो, तिच्याबरोबर डावी-उजवीकडे फेकला जातो. उभा असला की त्याचं वजन फूटपेगवरून गाडीत उतरतं आणि गाडी त्याच्या खाली मोकळेपणी डोलू शकते. गुडघे आणि घोटे आणखी दोन शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं काम करतात. शिवाय नजर उंचावते, पुढचा खड्डा दोन सेकंद आधी दिसतो, आणि कच्च्या रस्त्यावर दोन सेकंद पुष्कळ असतात.

उभं कसं राहायचं, हे मात्र नीट समजून घ्यावं लागतं. तळव्याचा मधला किंवा पुढचा भाग पेगवर, गुडघे किंचित वाकलेले आणि टाकीला हलके टेकलेले, कंबरेतून थोडं पुढे झुकणं, कोपरं बाहेर. एक साधी परीक्षा आहे. सपाट मैदानात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उभं असताना क्षणभर दोन्ही हातांची बोटं उघडून बघा. तोल पुढे किंवा मागे गेला, तर तुम्ही हँडलला लटकत होता. नाही गेला, तर उभं राहणं जमलं. बऱ्याचदा दोष माणसाचा नसतो, गाडीच्या मांडणीचा असतो. शोरूममधून आलेल्या गाडीचे क्लच-ब्रेकचे लिव्हर बसलेल्या माणसाच्या मनगटाला सोयीचे लावलेले असतात. उभं राहिल्यावर मनगट वर मोडतं आणि दहा मिनिटांत हात भरून येतो. लिव्हर पाना लावून थोडे खाली फिरवले की निम्मा त्रास जातो. उंच माणसाला हँडल वर उचलणारे रायझर लागतात. मागच्या ब्रेकचं पेडलही उभ्या पायाला सापडेल असं करून घ्यावं. हे काम पाऊण तासाचं आहे, आणि हजारोंचे फॉग लॅम्प लावून घेणारे लोकही ते करत नाहीत याचं नवल वाटतं.

आता हातांकडे येऊ. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हाफ क्लच ही वाईट सवय म्हणून शिकवतात. मोठी गाडी कच्च्यात चालवायची तर तेच मुख्य हत्यार आहे. चालण्याच्या वेगाने जाताना गाडीला स्वतःहून सावरायला पुरेसा वेग नसतो. त्या वेळी तोल सांभाळायचा तो क्लच, थ्रॉटल आणि मागचा ब्रेक या तिघांनी. थ्रॉटल थोडा उघडून स्थिर ठेवायचा, वेग क्लचने कमी-जास्त करायचा आणि मागचा ब्रेक पायाने हलकाच लागलेला ठेवायचा. ब्रेक लावून गाडी पुढे न्यायची हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. पण त्याने चेनमधला आणि गिअरबॉक्समधला ढिलेपणा ताणला जातो, गाडी धक्के मारत नाही, एका संथ ओढीने चालते. गाडी एका बाजूला पडते आहे असं वाटलं तर ब्रेक किंचित सोडायचा आणि क्लच किंचित सोडायचा, की मागचं चाक ढकलतं आणि गाडी उभी होते. पाय टेकवण्याच्या जागी हे उत्तर अंगवळणी पडलं, की अर्धं शिक्षण झालं समजा. क्लच-प्लेटचा जळका वास आला तर थांबा, पाच मिनिटं जाऊ द्या. तो वास दुर्लक्ष करण्याचा नसतो.

यासाठीचा सराव कंटाळवाणा आहे आणि त्याला पर्याय नाही. गावाकडची रिकामी जागा, माळ, बंद पडलेली खाण, काहीही चालेल. मालकाला विचारा मात्र. पेट्या काढून ठेवा. वीस पावलांचं अंतर जास्तीत जास्त वेळ लावून पार करायचं, पाय न टेकवता. मग दोन दगड ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायचा, आधी मोठा, हळूहळू लहान. इथं दुसरी मोठी गोष्ट शिकायला मिळते. डांबरावर वळणात आपण गाडीबरोबर आत झुकतो. कच्च्यात, कमी वेगात, उलट करायचं. गाडी डावीकडे कलवायची आणि अंग उजवीकडे, बाहेर ठेवायचं, वजन उजव्या, म्हणजे बाहेरच्या पेगवर दाबून. अंग बाहेर गेलं की कललेल्या गाडीचा तोल सावरला जातो. नजर मात्र आतल्या खांद्यावरून, जिथे बाहेर पडायचं तिथे. पुढच्या चाकाकडे पाहिलं की गाडी तिथेच पडते. दगडाकडे पाहिलं की चाक दगडावरच जातं. यात दैवाचा भाग काही नाही. डोळे जिकडे जातात तिकडे खांदे आणि खांद्यांमागून हात वळतात.

ब्रेकबद्दल दोन्ही बाजूंच्या गैरसमजुती ऐकू येतात. एक म्हणजे कच्च्यात पुढचा ब्रेक लावायचाच नाही. लावायचा. थांबवण्याची बहुतेक ताकद तिथेही पुढच्याच चाकात असते, फक्त झटका द्यायचा नाही. एक किंवा दोन बोटांनी हळू दाबायला सुरुवात करायची, वजन पुढच्या टायरवर येऊन तो जमिनीत रुतू द्यायचा, मग जोर वाढवायचा. दुसरी समजूत, एबीएस आहे म्हणजे काळजी नाही. सैल खडीत अडकलेलं चाक आपल्यापुढे खडीचा ढीग गोळा करतं आणि तो ढीगच गाडी थांबवायला मदत करतो. एबीएस चाक अडकू देत नाही, त्यामुळे हा ढीग जमत नाही आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाऊन थांबते. उतारावर हे चांगलंच अंगाशी येतं. म्हणून हिमालयनसारख्या गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करण्याची सोय असते. ते बंद करा, पुढचं चालू राहू द्या. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते, पुढचं घसरलं तर माणूस जमिनीवर येतो. ताशी २० किलोमीटर वेगाने येऊन मुद्दाम फक्त मागचा ब्रेक करकचून दाबून पाहा, घसरू द्या, नजर समोर ठेवा. गाडी सरळ उभी राहते हे एकदा अंगाला कळलं की त्या घसरण्याची भीती जाते. वेग मात्र २० वरच ठेवा. ४० ला थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं.

चढावर सर्वांत नामुष्कीची वेळ येते ती गाडी मध्येच बंद पडल्यावर. इंजिन गप्प, मागे उतार, खाली खडी. अशा वेळी बहुतेक जण क्लच आणि पुढचा ब्रेक दोन्ही दाबतात. चढावर सगळं वजन मागच्या चाकावर असतं, पुढचं चाक नुसतंच अडकून घसरतं आणि गाडी मागे जाते. योग्य उत्तर उलटं आहे. गाडी गिअरमध्येच ठेवून क्लच पूर्ण सोडा. बंद इंजिन मागचं चाक धरून ठेवतं. आता श्वास घ्या, घाई नाही. मग क्लच जरा जरा दाबत हातब्रेकसारखा वापरायचा, हँडल वळवून गाडी इंच इंच मागे सोडायची, ती उताराला आडवी झाली की थांबायचं, आणि तिथून खाली वळायचं. अंग कायम चढाच्या बाजूला. उताराच्या बाजूला पाय टेकवायला जाल तर तिथे जमीन पायाला सापडणार नाही. उतरताना पहिला गिअर, क्लचला हात नाही, दोन्ही ब्रेक हलके, अंग मागे. क्लच दाबला की इंजिनाचा ब्रेक सुटतो आणि २०० किलो मोकळे होतात.

हे सगळं कशासाठी, असं विचाराल तर आपल्याकडच्या बहुतेक रायडरचं उत्तर स्पिती किंवा लडाख असं असतं. मनालीहून स्पितीत शिरताना ग्रांफू ते बातल हा टप्पा लागतो, दगडगोट्यांचा आणि रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांचा. पुढे साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५७ टक्के असतो, तेव्हा ४० पीएसच्या इंजिनातले पुष्कळसे घोडे खालीच राहतात. खाली ज्या चढाला दुसरा गिअर चालला, त्याला तिथे पहिला लागतो. माणसाचा दमही तसाच कमी होतो, म्हणून पडलेली गाडी चार वेळा उचलण्यापेक्षा न पाडण्याचं कसब जवळ असलेलं बरं.

तिथले नाले बर्फ वितळून येतात. रात्री गारठ्याने वितळणं मंदावतं, दुपारी उन्हाने वाढतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यावर आलेलं असतं. लवकर निघणं हे तिथलं पहिलं रायडिंग कौशल्य. पाणी आधी चालून पाहा, काठी घेऊन. सगळ्यात उथळ जागा बहुधा जिथे पाणी पसरून खळखळतं तिथे असते, शांत दिसणारी जागा खोल असू शकते. एअर फिल्टरला हवा कुठून मिळते ते आपल्या गाडीत शोधून ठेवा. पाणी तिथवर येणार असेल तर जाऊ नका. पहिला गिअर, थोडा हाफ क्लच, थ्रॉटल एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. वाहत्या पाण्याकडे पाहिलं की आपणच वाहत चाललो असा भास होतो. ढकलत न्यायची झाली तर गाडीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला राहा. प्रवाहाने गाडी लोटली तर ती तुमच्यावर यायला नको. आणि गाडी पाण्यात पडून बंद झाली तर स्टार्टरला हात लावू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बाहेर काढा, प्लग काढा, पाणी काढून टाका, मगच सुरू करा.

लडाखला हुंदरची वाळू लागली तर एवढंच लक्षात ठेवा: वजन मागे, हात सैल, थ्रॉटल बंद करायचा नाही. थ्रॉटल सोडला की वजन पुढे येतं, पुढचं चाक वाळूत घुसतं आणि माणूस हँडलवरून जातो. सरावासाठी कोकणातले किनारे मात्र वापरू नका. वेळाससारख्या ठिकाणी वाळूत कासवांची अंडी असतात, आणि खारं पाणी गाडीचंही भलं करत नाही.

सह्याद्रीतला चिखल हा वेगळाच विषय आहे. पावसाळ्यात पाणंद रस्त्यावर ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या पाण्याने भरलेल्या असतात. चाकोरीत शिरलात तर तिथेच राहा. तिच्या कडेवर चढायला गेलेलं चाक चढत नाही, कडेला घासत राहतं आणि गाडी आडवी होते. शिरण्याआधी कुठून बाहेर पडायचं ते ठरवा आणि दूर पाहा. तांबड्या चिखलात रस्त्याचा टायर दोन मिनिटांत गुळगुळीत होतो, खाचा मातीने भरतात. मग कुठलंही तंत्र चालत नाही. खोल खाचांचे टायर ही म्हणूनच पहिली खरेदी.

टायरमधली हवा हा फुकटातला उपाय. कच्च्यात शिरताना कंपनीने सांगितलेल्या दाबापेक्षा पाच-सात पीएसआय कमी केली तर टायर जमिनीवर पसरतो आणि दगडांवरून उड्या मारत नाही. त्याहून खाली जाऊ नका. सह्याद्रीतला काळा दगड धारदार असतो, जड गाडीखाली रिम चेपते आणि ट्यूब असेल तर ती रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून फाटते. डांबरावर परत आल्यावर हवा भरायलाच हवी, नाहीतर टायर तापतो. म्हणून छोटा पंप बरोबर असावा. उंचावर गेज फसवतो: मनालीत मोजलेली हवा कुंझुमवर, तापमान तेच असेल तर, तीनेक पीएसआय जास्त दाखवते, कारण बाहेरचा दाब कमी झालेला असतो.

गाडी पडणारच आहे, तेव्हा उचलायलाही शिका. इंजिन बंद करा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका म्हणजे ती सरकणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडेल. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करा, कंबर सीटच्या कडेला टेकवा, एका हाताने खालची मूठ, दुसऱ्याने मागची फ्रेम धरा आणि मांड्यांच्या जोरावर लहान लहान पावलं मागे टाका. हातांनी आणि कमरेतून वाकून उचलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उठवत नाही. उतारावर पडली असेल, तर आधी ती जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे करून घ्या.

पैशांचं म्हणाल तर माझा क्रम असा: टायर, घोट्याच्या वर जाणारे कडक ऑफ-रोड बूट, गुडघ्याचे गार्ड, इंजिनाखालची जाड प्लेट आणि एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडचे दोन दिवस. पाय गाडीखाली सापडणं हा या प्रकारातला नेहमीचा अपघात आहे आणि ट्रेकिंगचे बूट तिथे उपयोगाचे नाहीत. सामानाच्या लोखंडी पेट्या यादीत शेवटी. उतरताना टेकवलेला पाय त्यांच्यात अडकून मोडू शकतो, कच्च्यात मऊ बॅगा बऱ्या.

सरावाला जागा निवडताना एक विनंती. सातारा-कोकणातले सडे सपाट, मोकळे आणि गाडी फिरवायला बोलावल्यासारखे दिसतात. त्या कातळावर जेमतेम बोटभर माती असते आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्या मातीवर जगतात. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे ते त्यांच्याचमुळे. चाकाने उकरलेली ती माती पहिल्या सरीबरोबर वाहून जाते. सड्यावर, राखीव वनात आणि कुणाच्या उभ्या पिकातून गाडी घालू नका. पाणंदीने जा, समोरून बैल किंवा म्हशी आल्या तर इंजिन बंद करून थांबा, आणि कुठे जाऊ शकतो ते आधी गावातच विचारा.